पल्ला आणि मात्रा : प्रस्तावना

प्रोटॉन उपचारांच्या खोलीत सकाळी पहिला नंबर लागतो तो प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा. मेडिकल फिजिसिस्ट ते टेबलावर मांडतो, लेझरच्या रेषांशी जुळवतो, दार लावून बाहेर येतो आणि बीम सोडतो. ठोकळ्यांमागच्या मोजणीपेटीवरून पडद्यावर आकडे उमटतात. बीम किती आत गेला, किती मात्रा पडली, ठिपका कुठे पडला, हे सगळं ठरलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचं. पल्ला मिलिमीटरभराच्या आत जुळला, मात्रा दोनतीन टक्क्यांत बसली, की सही करायची. त्यानंतरच बाहेर बाकावर बसलेल्या पहिल्या माणसाला आत घ्यायचं.

ठोकळा फार गुणी असतो. तो श्वास घेत नाही, त्याच्या नाकात सर्दी साचत नाही, पोटात गॅस होत नाही आणि आठ दिवसांत त्याचं वजन चार किलोंनी उतरत नाही. आतून तो कशाचा बनला आहे हे कारखान्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. बाकावरच्या माणसाबद्दल यातलं एकही विधान करता येत नाही. सकाळी ठोकळ्यात बरोबर थांबलेला बीम दुपारी त्या माणसातही तिथेच थांबेल का? हे पुस्तक या एका प्रश्नाचं आहे.

पुस्तकाच्या नावातले दोन्ही शब्द जुने आहेत. पल्ला गोफणीच्या दगडाला असतो, तोफेला असतो आणि प्रोटॉनलाही असतो. मात्रा वैद्याची. ती कुणाला लागू पडते, कुणापुढे चालत नाही, आणि जास्त झाली तर तीच विषासारखी वागते. दवाखान्यात आम्ही 'रेंज' आणि 'डोस' म्हणतो आणि पुस्तकातही अधूनमधून तेच म्हटलं आहे. पण विद्यार्थ्यांना शिकवताना मला नेहमी जाणवलं, की 'पल्ला' म्हटल्याबरोबर पोरं लगेच विचारतात, 'कुठपर्यंत?' रेंज म्हटलं की विचारत नाहीत.

आधी प्रोटॉनकडे वळण्याचं कारण पाहू. नेहमीच्या रेडिएशनमध्ये वापरले जाणारे एक्स-रे शरीरातून आरपार जातात. त्वचेखाली थोड्या अंतरावर त्यांची मात्रा सगळ्यांत जास्त असते आणि तिथून ती हळूहळू उतरत जाते. गाठ वाटेत मध्येच कुठेतरी असते. तिच्या पुढच्या आणि मागच्या निरोगी भागालाही वाटा मिळतोच. प्रोटॉनचं वागणं वेगळं आहे. कर्जतच्या फलाटावरचा वडेवाला आठवा. न थांबता वेगाने निघून जाणाऱ्या गाडीशी त्याचा काही व्यवहार होत नाही. गाडी मंदावू लागली की खिडक्यांतून हात बाहेर येतात, आणि ती थांबता थांबता सगळा पैसा फलाटावर उतरतो. वेगातल्या प्रोटॉनला वाटेतल्या इलेक्ट्रॉनशी देवाणघेवाण करायला वेळ नसतो. वेग ओसरतो तसा तो जास्त ऊर्जा देऊ लागतो, उरलेली शिल्लक शेवटच्या काही मिलिमीटरांत झपाट्याने रिती करतो आणि थांबतो. त्यापुढे जवळजवळ काही नाही.

आलेखावर हे शेवटचं टोक एखाद्या सुळक्यासारखं दिसतं. त्याला 'ब्रॅग पीक' म्हणतात, कारण १९०४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये विल्यम हेन्री ब्रॅग यांनी रेडियममधून निघणाऱ्या अल्फा कणांमध्ये तो पाहिला. त्याचा औषध म्हणून उपयोग सुचायला चाळीसेक वर्षं गेली. लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पातून बाहेर पडलेल्या रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये एक छोटा लेख लिहून डॉक्टरांना सांगितलं, की वेगवान प्रोटॉन शरीरात हव्या त्या खोलीवर नेऊन थांबवता येतील. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला पहिल्या रुग्णांवर प्रोटॉन वापरले गेले.

इथे एक गंमत आहे आणि ती या पुस्तकाच्या मुळाशी आहे. बर्कलीच्या त्या पहिल्या उपचारांत प्रोटॉन थांबवलेच नव्हते. पिट्युटरी ग्रंथीवर वेगवेगळ्या दिशांनी बीम सोडले आणि ते डोक्यातून आरपार जाऊ दिले. ज्या सुळक्यासाठी प्रोटॉन हवा, तोच वापराबाहेर ठेवला. डोक्याच्या आतली वाट मिलिमीटरांत मोजणारं साधन तेव्हा नव्हतं. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला तो १९७१ मध्ये. वाटच मोजलेली नसेल तर मुक्काम सांगणार कसा?

त्यानंतर यंत्रं खूप पुढे गेली. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातच लोमा लिंडा इथे थेट रुग्णालयात प्रोटॉन केंद्र सुरू झालं. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत पेन्सिलीएवढा बारीक बीम चुंबकांनी हलवत, ठिपक्यांनी गाठ रंगवत नेण्याची पद्धत रुग्णांसाठी वापरली गेली. आज बहुतेक नवी केंद्रं याच पद्धतीने चालतात. भारतात चेन्नईला २०१९ मध्ये प्रोटॉन केंद्र आलं. आपल्या दारातलं केंद्र खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियल सेंटरच्या आवारात आहे. तीन गँट्रींचं हे केंद्र ११ मे २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण झालं आणि त्याच वर्षी तिथे रुग्णांवर उपचार सुरू झाले. गँट्री म्हणजे रुग्णाभोवती बीम फिरवणारा, शंभर टनांच्या घरातला पोलादी सांगाडा. एवढं धूड फिरून पुन्हा त्याच बिंदूवर मिलिमीटरभराच्या आत नेम धरतं.

म्हणजे यंत्राचा नेम पक्का आहे. पाण्यात मोजलं तर ७० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन सुमारे ४ सेंटिमीटर जातो, १५० चा पावणेसोळा, २०० चा २६ आणि २३० चा साधारण ३३. हे आकडे पाण्याच्या टाकीत रोज तपासता येतात आणि ते फारसे हलत नाहीत. अडचण टाकीबाहेर सुरू होते. माणसाच्या शरीरात पल्ला नेमका किती याबद्दल नियोजनकारांनी स्वतःला एक सूट देऊन ठेवली आहे. केंद्रागणिक ती थोडी बदलते, पण बरीच वर्षं चालत आलेला एक हिशेब असा, की पल्ल्याच्या साडेतीन टक्के आणि वर एक ते तीन मिलिमीटर. गाठ २० सेंटिमीटर खोल असेल तर साडेतीन टक्क्यांचे ७ मिलिमीटर आणि वरचा १, असे ८ मिलिमीटर झाले. बीम तेवढा आधी थांबू शकतो किंवा तेवढा पुढे जाऊ शकतो, असं धरून गाठीपलीकडचा तेवढा निरोगी भागही मुद्दाम मात्रेत घेतला जातो. सुटलेली गाठ परत वाढते, म्हणून कमी पडण्यापेक्षा थोडं जास्त बरं, हा त्यामागचा विचार.

आठ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढी रुंदी. पण प्रोस्टेटच्या पाठीला गुदाशय टेकलेला असतो, कवटीच्या तळाच्या गाठीमागे मेंदूचा दांडा असतो, आणि तिथे नखाएवढी जागा म्हणजे फार झाली. प्रोस्टेटचंच उदाहरण घ्या. नकाशा पाहून कुणीही म्हणेल, की बीम पोटाच्या बाजूने सोडा आणि प्रोस्टेट संपताच थांबवा, म्हणजे मागचा गुदाशय वाचेल. प्रत्यक्षात प्रोटॉन दोन्ही कुशींतून, मांडीच्या हाडाच्या गोळ्यांमधून, लांबच्या वाटेने पाठवले जातात. बीमची बाजूची कड तितकी टोकदार नसते, पण ती कुठे आहे हे माहीत असतं. समोरची कड टोकदार असते, पण ती कुठे आहे याची खात्री नसते. म्हणून टोकदार कड बाजूला ठेवून खात्रीची कड गुदाशयाकडे करायची. बर्कलीत १९५४ मध्ये झालं तेच, अधिक सुधारलेल्या रूपात.

माझ्या मते प्रोटॉन उपचारांची खरी गोष्ट ही आहे. प्रोटॉन थांबतो, ही निसर्गाची देणगी. तो कुठे थांबला हे आपल्याला कळत नाही तोवर त्या देणगीतला मोठा हिस्सा आपण सुटीच्या रूपाने परत करत असतो. तपासणी म्हणजे यंत्रावरचा अविश्वास नव्हे, आणि कागदपत्रांचं ओझं तर मुळीच नव्हे. परत केलेला हिस्सा सोडवून आणण्याचा तोच मार्ग आहे.

ही साडेतीन टक्क्यांची सूट लागते कशाला? पहिलं कारण सीटी स्कॅन. सीटी सांगतो की शरीराचा हा भाग एक्स-रे किती शोषतो. आम्हाला हवं असतं ते म्हणजे तो भाग प्रोटॉनला किती अडवतो. हे दोन प्रश्न सख्खे नाहीत, चुलत आहेत. एका उत्तरावरून दुसरं काढण्याची पद्धत पॉल शेरर संस्थेतल्या उवे श्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये बसवली आणि ती जगभर रुळली. तरीही चरबी, स्नायू, हाड, फुप्फुस यांची रासायनिक घडण माणसागणिक थोडी बदलते आणि सीटीला ती पूर्ण दिसत नाही. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ खाटकाकडून ताजं मांस आणि हाडं आणून त्यातून प्रोटॉन पाठवून पाहतात. प्रयोगशाळेत हे दृश्य मजेशीर दिसतं, पण प्लास्टिकपेक्षा मांस खरं बोलतं. दोन ऊर्जांचा सीटी वापरला तर ही चूक बरीच कमी होते; त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

दुसरं कारण ऐकून विद्यार्थी हसतात. प्रोटॉन अडवण्याच्या गणितात प्रत्येक पदार्थाचा एक आकडा लागतो आणि खुद्द पाण्याच्या आकड्यावर अनेक वर्षं मतभेद होते. आंतरराष्ट्रीय शिफारशींत तो आधी ७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट होता, २०१६ च्या अहवालात ७८ झाला. इतक्या साध्या, इतक्या मोजलेल्या पाण्याची ही कथा, तर हाडामासाची काय असेल!

तिसरं आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे माणूस जिवंत आहे. नियोजनाच्या सीटीच्या दिवशी नाकामागची पोकळी सर्दीने भरलेली होती असं समजा. नियोजनात ती भरीव धरली गेली. दोन आठवड्यांनी सर्दी गेली, तिथे हवा आली. हवा प्रोटॉनला जवळजवळ अडवतच नाही, त्यामुळे जेवढे सेंटिमीटर सर्दी कमी झाली तेवढाच बीम पुढे, मेंदूच्या दिशेने सरकला. आतड्यात गॅस झाला, लघवीची पिशवी कमीजास्त भरली, किमोथेरपीने गाल आत गेले, श्वासाबरोबर फुप्फुसातली गाठ वरखाली झाली, तरी तेच घडतं. एक्स-रेच्या उपचारात अशा बदलांनी मात्रा थोडी इकडेतिकडे होते. प्रोटॉनमध्ये सुळकाच जागचा हलतो. पाठीच्या कण्यातले स्क्रू किंवा दाढेतलं चांदीचं सिमेंट यांच्यामुळे सीटीच्या चित्रात उमटणाऱ्या रेघोट्या हा आणखी एक त्रास.

इथवर पल्ल्याबद्दल झालं. आता मात्रेकडे येऊ. आपल्याकडे रेडिएशनला लोक 'शेक' म्हणतात. 'आईला तीस शेक सांगितलेत' असं नातेवाईक सांगतात. शब्द मायेचा आहे, पण त्यात ऊब नाही. मात्रेचं एकक ग्रे. एका किलोत एक ज्यूल ऊर्जा उतरली की एक ग्रे. एका दिवशी साधारण २ ग्रे दिले जातात. तेवढ्याने पाणी किती तापेल? एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकं. गरम चहाच्या एका घोटाने शरीराला याहून कितीतरी जास्त उष्णता मिळते. तरी ही मात्रा पेशींच्या गुणसूत्रांपर्यंत पोचून त्यांना बिघडवते, म्हणून ती काटेकोर मोजावी लागते. प्रमाण प्रयोगशाळांत खरोखर पाण्याचं तापमान इतक्या बारकाईने मोजणारी उपकरणं आहेत. रुग्णालयात मात्र आमचं काम आयनीकरण कक्षावर चालतं: हवेने भरलेली शेंगदाण्याएवढी किंवा चपट्या डबीसारखी पोकळी, जिच्यात बीम आला की विद्युतभार निर्माण होतो आणि तो मोजायचा. ती प्रयोगशाळेतून कोबाल्टच्या बीममध्ये प्रमाणित करून आणायची आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००० मध्ये दिलेल्या, आता नव्याने सुधारलेल्या नियमावलीप्रमाणे प्रोटॉनसाठी दुरुस्त करायची. सगळं नीट केलं तरी दोनेक टक्क्यांची अनिश्चितता उरतेच.

'सगळं नीट केलं' या तीन शब्दांत काय काय येतं हे मी पहिल्या नोकरीत शिकले. दख्खनच्या पठारावरच्या एका शहरात, एका रुग्णालयात कोबाल्टच्या यंत्राची मात्रा मोजायची होती. कक्षातली हवा उघडी असते, म्हणून हवेचा दाब आणि तापमान लक्षात घेऊन आकडा सुधारावा लागतो. आमचा दाबमापक बिघडलेला होता. मी हुशारी करून वेधशाळेच्या बातमीपत्रातला दाब घेतला आणि हिशेब पूर्ण केला. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वही पाहिली, मागच्या महिन्याचं पान उलटलं आणि शांतपणे विचारलं, "अगं, समुद्र कुठे आहे इथे?" बातमीपत्रातला दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. साडेपाचशे मीटर उंचीवर खरा दाब त्यापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी. माझा आकडा मान्य झाला असता तर प्रत्येक रुग्णाला सहा टक्के जास्त मात्रा गेली असती, आणि यंत्राने कसलीही तक्रार केली नसती. मागच्या पानाने चूक दाखवली, आणि ते पान उलटून पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाने. त्या दिवसापासून मी 'हा आकडा आला कुठून?' असं विचारल्याशिवाय कुठल्याही वहीवर सही केली नाही.

प्रोटॉनच्या मात्रेत आणखी दोन खाचखळगे आहेत. मात्रेचा नकाशा काढायला फिल्म सोयीची, पण सुळक्याच्या टोकाशी ऊर्जा इतकी दाटीवाटीने उतरते की फिल्म तिथे दमते आणि खरी मात्रा कमी दाखवते. ज्या जागेचं माप सगळ्यांत जास्त हवं, तिथेच साक्षीदार बोबडा होतो. दुसरा खळगा जीवशास्त्राचा. प्रोटॉनची एक ग्रे एक्स-रेच्या १.१ ग्रेइतकी परिणामकारक धरतात, सगळीकडे एकच. प्रयोगशाळेतल्या पेशी मात्र सांगतात, की पल्ल्याच्या शेवटी ही परिणामकारकता १.१ पेक्षा बरीच जास्त असते. म्हणजे मापाने बीम जिथे संपतो, परिणामाने तो थोडा पुढे संपतो. पल्ला आणि मात्रा हे दोन वेगळे विषय नाहीत हे इथे पटतं. पल्ला चुकला की मात्रा चुकते, आणि मात्रेचा अर्थ पल्ल्याच्या टोकाशी बदलतो.

यावरचा पहिला बंदोबस्त रुग्णाविना होतो. रोज सकाळचे ठोकळे, दर महिन्याची आणि वर्षाची मोठी मोजणी, आणि प्रत्येक रुग्णाचा प्लॅन आधी पाण्यात किंवा प्लास्टिकमध्ये सोडून पाहणं. नियोजनाच्या संगणकाने सांगितलेला नकाशा आणि मोजलेला नकाशा बिंदूबिंदूने ताडतात. बऱ्याच ठिकाणी फरक ३ टक्के किंवा ३ मिलिमीटरांच्या आत हवा असं धरतात. यंत्राने प्रत्येक ठिपका कुठे टाकला आणि किती प्रोटॉन मोजले, याची नोंदवही तपासून त्यावरून मात्रा पुन्हा काढतात. त्यावर बाहेरच्या माणसाची नजर हवीच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टपालाने मात्रामापकं पाठवून जगभरच्या रेडिएशन यंत्रांची पडताळणी करतात. घरच्या तराजूचा पासंग घरच्यांना दिसत नाही, म्हणून ही सोय.

दुसरा बंदोबस्त रुग्णाच्या शरीरातला, आणि पुस्तकाचा अर्ध्याहून जास्त भाग त्यावर आहे. प्रोटॉन थांबल्यावर मागे काहीच उरत नाही असं आपण समजतो, पण तो वाटेत खुणा सोडत जातो. काही अणुकेंद्रांना तो धडकतो आणि त्यांतून किरणोत्सारी ऑक्सिजन-१५ आणि कार्बन-११ तयार होतात. पहिल्याचं अर्धायुष्य दोन मिनिटं, दुसऱ्याचं वीस. उपचार संपल्याबरोबर रुग्णाला पेट स्कॅनरमध्ये नेलं तर त्यांची चमक दिसते. मात्र दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत ऑक्सिजनची बरीच चमक विझते, आणि रक्तप्रवाह उरलेली वाहून नेतो. शिवाय ही केंद्रकं तयार व्हायला प्रोटॉनच्या अंगात काही किमान ऊर्जा लागते. शेवटच्या काही मिलिमीटरांत ती उरत नाही. म्हणजे हा साक्षीदार बीमला गल्लीच्या तोंडापर्यंतच पाहतो, दारात शिरताना नाही. कुठल्या घरात गेला असेल हे गणिताने काढावं लागतं.

त्याहून चपळ साक्षीदार म्हणजे तत्क्षणी निघणारे गॅमा किरण. धडक बसलेलं केंद्रक बहुधा नॅनोसेकंदाच्या आतच गॅमा सोडतं, कार्बनचा ४.४४ आणि ऑक्सिजनचा ६.१३ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा तर सहज ओळखू येतो. हे किरण शरीराबाहेर पडतात आणि बीम चालू असतानाच पकडता येतात. टंगस्टनच्या जाड पट्टीतल्या सुरीच्या धारेसारख्या फटीतून, जुन्या सूचिछिद्र कॅमेऱ्याच्या तत्त्वावर, त्यांचं चित्र घेणारा कॅमेरा २०१५ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरला गेला, आणि एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत पल्ल्यात पडणारा काही मिलिमीटरांचा फरक त्याने टिपला. बॉस्टनमध्ये गॅमांच्या ऊर्जांवरून पल्ला काढण्याची पद्धत घडली. अडचण मोजणीची आहे. एका ठिपक्यात प्रोटॉन कमी असतील तर गॅमाही कमी, आणि मूठभर गॅमांवरून मिलिमीटर सांगणं धाडसाचं.

आवाजाची वाट तर फार सुंदर आहे. पाण्याचा तो दोन हजाराव्या भागाचा शेक आठवतो? बीम झटक्याझटक्याने सोडला तर तेवढ्या तापण्यानेही पेशींची किंचित प्रसरणलहर उठते. १९९५ मध्ये जपानच्या त्सुकुबा इथे यकृताच्या कॅन्सरच्या रुग्णात हा आवाज टिपला गेला. मुलांच्या कण्यावर प्रोटॉन दिल्यानंतर काही आठवड्यांनी एमआरआय काढला, तर मणक्यातला मगज चरबीत बदलून उजळ दिसतो आणि बीम कुठवर पोचला ते हाडावरच लिहिलेलं सापडतं. ही साक्ष चोख, पण उशिराची. याखेरीज उपचारापेक्षा जास्त ऊर्जेचा प्रोटॉन शरीरातून पार पाठवून, बाहेर पडताना त्याच्याकडे किती शिल्लक राहिली यावरून वाट मोजण्याची कल्पना आहे. सीटीमागचं गणित मांडणाऱ्या ॲलन कॉरमॅक यांनी १९६३ च्या लेखातच तिचा उल्लेख केला होता. हा लेख सीटीसाठी प्रसिद्ध झाला आणि १९७९ चं नोबेल त्यातून आलं. प्रोटॉनचं वाक्य तेवढं मागे राहिलं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की कॅमेरा बसवला की काम झालं. तसं नाही. उपचाराच्या मध्येच कॅमेऱ्याने सांगितलं, की बीम ४ मिलिमीटर कमी गेला. आता काय करायचं? थांबायचं? पुढे जायचं? पुन्हा सीटी काढायचा? रुग्ण टेबलावर मुखवट्यात अडकून पडलेला आहे आणि बाहेर आणखी सहाजण बसले आहेत. किती मिलिमीटरला थांबायचं, कुणी ठरवायचं आणि थांबल्यावर कोणता रस्ता धरायचा, हे आधी लिहिलेलं नसेल तर मोजलेला आकडा नुसता भिंतीवर टांगायचा. म्हणून शेवटची दोन प्रकरणं उपकरणांची नाहीत, निर्णयांची आहेत.

एक खुलासा. प्रोटॉन म्हणजे रामबाण नव्हे, आणि पुस्तकात तसा सूर कुठेही नाही. लहान मुलं, कवटीच्या तळाच्या गाठी, डोळ्यातला मेलॅनोमा अशा ठिकाणी त्याचं महत्त्व स्पष्ट आहे. अनेक कॅन्सरमध्ये चांगला एक्स-रे उपचार तितकाच कामाचा आहे आणि खर्चाने पुष्कळ हलका. थांबण्याचा फायदा किती मिळतो हे थांबण्याची जागा किती अचूक माहीत आहे यावरच ठरतं, म्हणून ही तुलनाही शेवटी तपासणीपाशीच येऊन पोचते.

पुस्तक मेडिकल फिजिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी, रेडिएशन तंत्रज्ञांसाठी आणि ज्यांच्या घरात कुणाला प्रोटॉन सांगितले आहेत अशा वाचकांसाठी लिहिलं आहे. गणित चौकटींत वेगळं ठेवलं आहे; ते गाळून वाचलं तरी धागा तुटत नाही. विद्यार्थ्यांनी मात्र गाळू नये. त्या 'समुद्र कुठे आहे' विचारणाऱ्या सहकाऱ्यांचं ऋण प्रत्येक प्रकरणात आहे. त्यांचं नाव घालू नये ही त्यांचीच इच्छा.

वाचकाला शेवटची एक विनंती. प्रोटॉन सांगितलेल्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात: दुखेल का, आणि खर्च किती येईल? त्यांत तिसरा घाला. बीम आमच्या माणसात कुठे थांबतो हे तुम्ही कसं तपासता, आणि किती मिलिमीटरांची सूट ठेवली आहे? चांगल्या केंद्रात या प्रश्नाचं उत्तर मिळतं, आणि ते आकड्यात मिळतं. सूट शून्य आहे असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.